ट्यूब

आमच्यात फिरायला जाणं हा प्रकार नव्हता. चैत्रात कार्ल्याला एकवीरा आईला जायचं, कुणाच्या हळदीला जायचं, मयताला जायचं, गावाच्या जत्रेला जायचं. जत्रेत लाकडी पाळणा यायचा, चार पाळण्यांचा, दोन माणसं हातानं फिरवायची. आमचं ‘थीम पार्क’ तेवढंच. सुट्टी म्हंजे भाताची लावणी झाल्यावर पाऊस लागला की ओटीवर बसून जाळं दुरुस्त करायचे ते चार दिवस.

त्यामुळं २०२४ च्या डिसेंबरात सूनबाई म्हणाली, “बाबा, आपण सगळे दोन दिवस गाडी करून फिरायला जातोय, तुम्ही पण यायचं,” तेव्हा मी पहिलं विचारलं, “देव कुठला?” ती म्हणाली, “पालीचा गणपती आहे वाटेत.” मग ठीक. देव वाटेत असला की मला बरं वाटतं, पैसे फुकट जात नाहीत.

शनिवार-रविवार गर्दी म्हणून शुक्रवारी निघायचं ठरलं. पहाटे सहाला टेम्पो ट्रॅव्हलर दारात. मी पिशवी घेऊन चढलो तर पुढच्या खिडकीला माझा धाकटा भाऊ बसलेला. त्यानं मला बघितलं, मी त्याला बघितलं. कुणी काही बोललं नाही. मागं त्याचा मुलगा, सून, दोन नातवंडं. माझी सून आणि त्याची सून बेलापूरला एकाच इमारतीत नोकरीला आहेत, दुपारचा डबा एकत्र खातात, हे मला माहीत होतं. डबा खाता खाता हे शिजलं असेल, ते माहीत नव्हतं.

आता इथं थोडं मागं जावं लागेल, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल दोन म्हातारे उगीच तोंड फुगवून बसलेत.

आमचं गाव खाडीच्या कडेला, पनवेल तालुक्यात. १९७० साली नवी मुंबई वसवायचं ठरलं आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी त्यात आल्या. आमची खारातली साडेतीन एकर गेली. त्यात लाल राता पिकायचा, खाऱ्या पाण्याला दाद न देणारा भात. भाव नीट मिळावा म्हणून लढा झाला, दि. बा. पाटील साहेब पुढारी होते. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या भागात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, धाकटा तेविशीचा. आम्ही दोघं होतो त्या गर्दीत. लोकं पळायला लागली तेव्हा मी खुळ्यासारखा उभाच राहिलो होतो, धाकट्यानं माझ्या सदऱ्याला धरून बांधाखाली ओढलं. चिखलात पालथं पडून राहिलो दोघं. सदऱ्याची बाही त्याच्या हातात आली होती.

पुढं साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हंजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड. आमचा भूखंड मिळेपर्यंत बाबा वारले. बिल्डरशी बोलणी मी केली. मी दहावी शिकलेलो, १९७५ ची दहावी, अकरावीची मॅट्रिक गेली आणि दहावी आली त्या वर्षाची पहिली बॅच. धाकटा चौथीवर थांबला, कारण मी शाळेत जायचो म्हणून मिठागरावर बाबांच्या हाताखाली कुणीतरी पाहिजे होतं. करारनाम्याचे कागद आले ते मी वाचले. त्यानं वाचले नाहीत. “दादूसनं वाचलंय ना,” म्हणाला आणि सही केली. इमारत उभी राहिली तेव्हा रस्त्याकडचे दोन्ही गाळे माझ्या वाट्याला आणि त्याच्या वाट्याला मागच्या बाजूचे फ्लॅट, नाल्याकडचे. खोल्यांची मोजणी सारखी होती. मोजणीत खोट कुणाला काढता आली नसती. पण गाळ्याचं भाडं किती आणि मागच्या फ्लॅटचं किती, हे चौथी शिकलेल्यालाही कळतं.

तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त माझ्या घरी यायचं सोडलं आणि मी त्याच्या. लग्नात भेटायचो, मयताला भेटायचो. नऊ वर्षं अशी गेली. खोटं कशाला बोलू, गाळ्याच्या भाड्यातूनच मी पेण तालुक्यात दोन एकर घेतली आणि पुन्हा शेतकरी झालो. लोकं माझं कौतुक करतात, ‘जमीन गेली तरी शेती सोडली नाही.’ त्यातला अर्धा पैसा कुणाचा, ते मी कुठल्या लेखात लिहिलं नव्हतं. आज लिहितोय.

असो. गाडी कळंबोलीवरून एक्स्प्रेस हायवेला लागली. पोरांनी गाणी लावली. मागून भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पुढं आली. धाकट्यानं एक घेतली, डबा माझ्याकडं न बघता माझ्याकडं सरकवला.

रस्त्याला ‘मोटेल’ अशा पाट्या लागल्या. माझा नातू नऊ वर्षांचा, त्याला सगळं माहीत असतं. तो म्हणाला, “आजोबा, मोटेल म्हणजे गाडी दारात लावायची आणि तिथंच झोपायचं. अमेरिकेत असतं.” आम्ही चहाला एका मोटेलात थांबलो. तिथं वडापाव, मिसळ, डोसा, थालीपीठ, स्वच्छतागृह, चिक्कीचं दुकान, सगळं होतं. खाट एकही नाही. नातू हिरमुसला. मी म्हटलं, अरे, आपल्याकडं ‘मोटेल’मध्ये पोट झोपतं, माणूस नाही.

खालापूरला एक्स्प्रेस हायवे सोडला आणि खोपोली-पाली रस्त्यानं इमॅजिकाला पोचलो. २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क. मी आत शिरताना डोंगराची रांग बघितली, जमिनीचा उतार बघितला. सवयच ती, कुठंही गेलो की आधी बघतो, इथं भात किती होत असेल. चांगला होत असणार. डोंगराचं पाणी उतरतंय, माती काळसर. आता तिथं रंगीत मनोरे आणि आकाशात वळलेले लोखंडी रूळ, त्यांवरून माणसं उलटी टांगून किंचाळत जाताहेत. पैसे देऊन. जत्रेतला पाळणा हातानं फिरवणाऱ्याला आम्ही ‘हळू रं’ म्हणायचो, इथं कुणी ‘हळू’ म्हणत नाही.

आम्हां दोघांना सगळ्यांनी एका सावलीतल्या बाकावर बसवलं, सामान राखायला. अडीच तास बसलो. मध्ये सामान होतं. तो म्हणाला, “ऊन हाय.” मी म्हटलं, “हाय.” एवढंच झालं.

दुपारी पोरांनी जबरदस्तीनं एका खेळात नेलं, ‘आय फॉर इंडिया’. खुर्चीत बसवतात, पट्टा बांधतात, खुर्ची वर उचलते, पाय लोंबकळतात आणि समोर एवढ्या मोठ्या पडद्यावर आपला देश वरून दिसायला लागतो. डोंगर, नद्या, समुद्र. खरंच उडतोय असं वाटतं. सगळे टाळ्या वाजवत होते. मला आपलं वाटत होतं, आता आपली खाडी दिसेल. आली नाही. ती कशाला येईल? उलव्याचा डोंगर विमानतळासाठी कापून सपाट झालाय, नदीचा ओघ वळवलाय, वरून बघितलं तर मलाच ओळखू यायचं नाही. खाली उतरल्यावर धाकटा माझ्याकडं न बघता म्हणाला, “आपली उघाडी नय दिसली.” म्हंजे तोही तेच शोधत होता.

संध्याकाळी पुढं निघालो. जांभूळपाडा आला तेव्हा ड्रायव्हरला मी गाणी बंद करायला सांगितली. १९८९ च्या जुलैत अंबा नदीच्या पुरानं या गावातली कितीतरी माणसं एका रात्रीत नेली. आमच्या गावातून तेव्हा लोकं तांदूळ, कपडे घेऊन आली होती, त्यात आम्ही दोघं होतो. पोरांना हे काही माहीत नाही. दोन मिनिटं गप्प बसली, मग पुन्हा गाणी.

पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन झालं. मागं सरसगड अंधारात उभा. लॉजवर तीन खोल्या घेतल्या होत्या. वाटणी अशी निघाली की बायका-पोरींची एक, पोरांची एक आणि तिसरी ‘दोन्ही आजोबांची’. सुनांनी तोंड दुसरीकडं फिरवून सांगितलं.

खोलीत एक मोठा पलंग. लहानपणी आम्ही एकाच गोधडीत झोपायचो, त्यामुळं नवीन काही नव्हतं, पण पासष्ट आणि त्रेसष्टचे होऊन नऊ वर्षं न बोललेल्या भावाच्या शेजारी झोपणं निराळं. मी भिंतीकडं तोंड केलं. त्यानं दाराकडं. मध्यरात्री एसीनं गारठलो. रिमोटवर चष्मा नसताना काही दिसेना. तो उठला, भिंतीवरचं बटणच बंद केलं, त्याची शाल माझ्या पायावर टाकली आणि परत दाराकडं तोंड करून झोपला. मी जागा होतो. तो जागा आहे हे मला माहीत होतं आणि मी जागा आहे हे त्यालाही. पण बोलायला पहिला शब्द कुठला घ्यायचा? मला अख्खं लेखन येतं, लोकं सभेला बोलावतात, पण तो एक शब्द रात्रभर सापडला नाही.

सकाळी वाकण फाट्यावरून मुंबई-गोवा रस्त्याला लागलो आणि कोलाडवरून आत कुंडलिका नदीवर गेलो. रबरी होडीतून नदी उतरायची, राफ्टिंग म्हणतात. सुनांनी आठ जागांचे पैसे आधीच भरलेले. तिथं गेल्यावर कळलं, लहान पोरांना घेत नाहीत. नातवंडांनी भोकाड पसरलं. एक सून त्यांच्यापाशी थांबणार म्हणाली, दुसरी म्हणाली, “पण मग दोन जागांचे पैसे वाया.” मग सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या.

फुकट जाणाऱ्या पैशापुढं शेतकरी माणूस नदीत काय, विहिरीत पण उडी मारेल. पण म्हाताऱ्यांनाही घेत नाहीत असं कुणीतरी पुटपुटलं. फॉर्मवर वय लिहायचं होतं. धाकट्यानं माझ्याकडं फॉर्म दिला, “तूच भर, तू शिकलेला.” ते शब्द मला लागले, त्यानं लागावेत म्हणून म्हटले का सहज, ते आजही कळलेलं नाही. मी माझं वय अठ्ठावन्न लिहिलं, त्याचंही अठ्ठावन्न. त्याला वाचून दाखवलं, एक एक ओळ, खाली बारीक अक्षरात ‘जबाबदारी आमची’ लिहिलेलं होतं तेसुद्धा. त्यानं ऐकलं आणि मग सही केली. त्या दिवसापुरते आम्ही जुळे झालो.

नदीकाठी गेलो तर पात्रात दगडच दगड, पाणी घोट्याएवढं. मी म्हटलं, होडी कशी चालायची? तिथला एक गावकरी होडी ओढत होता, तो म्हणाला, “थांबा, अजून पाणी सोडलं नाय.” आणि खरंच, थोड्या वेळानं वरून आवाज आला, दगड एकेक करून बुडायला लागले. बघता बघता नदी भरली. डिसेंबरात, पाऊस नाही, ढग नाही.

हे पाणी कुठलं, ते मला माहीत होतं, वाचलेलं होतं. घाटावर मुळशीचं धरण आहे, टाटांचं. ते पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याला आणतात, त्यावर वीज करतात. १९२७ पासून चालू आहे. वीज झाली की पाणी कुंडलिकेत येतं. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. त्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांची गावं गेली, भाताची गेली, म्हणून १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट पुढारी होते, ‘सेनापती’ ही पदवी त्यांना तिथंच मिळाली. पुरुष, बायका तुरुंगात गेल्या. तरी धरण झालंच. शंभर वर्षांनी त्या पाण्यावर आम्ही, दुसऱ्या एका बुडालेल्या गावचे दोघं, डोक्यावर लाल टोप आणि अंगात फुगीर जाकीट घालून मजा करायला उतरत होतो. मी हे धाकट्याला सांगितलं. तो बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला.

“म्हंजे या नदीची भरती कुनाच्या तरी घड्यालावर,” तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, “आज तिथी कंची?”

“तेरस.”

“तेराची पाऊणपट पावने दहा. आता आपल्या खाडीला पानी टोकाला आला आसल.”

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा, अमावस्येला सव्वाअकरा-बारा. हे बाबांनी शिकवलेलं. माझ्या शाळेत नव्हतं. मी पार विसरलो होतो, त्याच्या बोटांवर होतं.

होडीत आम्हांला शेजारी-शेजारी बसवलं, तो डावीकडं, मी उजवीकडं. गाईड उत्तराखंडचा पोरगा, हिंदीत ओरडायचा, “आगे मारो, रुको.” पहिल्याच उसळीला होडीचं तोंड वर गेलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मी वल्हं सोडून दोर धरला. धाकटा वल्हवत होता, नेमका, जोर न करता, खाडीतल्यासारखा. “दादूस, घाबरलास क?” “नय रं.” “मंग दोर सोर ना.” सगळे हसले, मीही. तोंडात नदीचं पाणी गेलं, गोडं. मला वाटलं होतं खारं लागेल. जीव अजून खाडीतच.

बराच वेळ असं उसळत, आदळत गेल्यावर एक संथ डोह आला. गाईड म्हणाला, आता ज्याला पाण्यात उतरायचंय त्यानं उतरा, जाकीट आहे, बुडणार नाही, फक्त होडीला धरून राहा. पोरं धपाधप पडली. धाकटा उतरला आणि मला हात दिला. उतरलो. पाठीवर पडून दोघं वाहत चाललो, वर आभाळ, दोन्हीकडं झाडं, कानात पाणी.

आमच्याकडं लहानपणी ट्रकची एक ट्यूब होती. बाबांनी पनवेलहून आणलेली, तीन ठिगळांची. उघाडीपाशी भरतीचं पाणी आत घेताना आम्ही ती टाकून त्यात बसायचो आणि पाणी नेईल तिकडं जायचो. एकाच ट्यूबमध्ये दोघं, पाठीला पाठ लावून. खाली पायाला निवट्या लागायचे. तो दहा वर्षांचा असताना तापानं पडला, पंधरा दिवस. उठला तेव्हा ट्यूब नव्हती. मी सांगितलं, फुटली. खरं म्हंजे मी ती मिठागरावरच्या एका पोराला पाच रुपयांना विकली होती आणि पनवेलला जाऊन सिनेमा बघितला होता, भजी खाल्ली होती.

डोहात वाहताना तो आभाळाकडं बघत म्हणाला, “दादूस, ती ट्यूब फुटली नव्हती ना?”

त्रेपन्न वर्षांनी.

मी म्हटलं, “नव्हती फुटली. विकली.”

“म्हाईत व्हता. मी तापातून उठलो त्याच आठवड्यात त्या पोरापाशी बघितली.”

“मग बोलला का नाहीस?”

तो काही म्हणाला नाही. गाईडनं शिट्टी मारली, चला वर. त्या पोरानं आम्हां दोघांना जाकिटाला धरून होडीत ओढून घेतलं, पोती ओढतात तसं. सून फोटो काढत होती. तो फोटो आता घरी लावलाय. त्यात आमची तोंडं दिसत नाहीत, नुसते चार पाय.

परतताना पेणला माझ्या शेतावर थांबायचं ठरलं. भात निघाल्यावर वाल टाकला होता, शेंगा जरा कोवळ्याच होत्या, पण पोरांना पोपटी पाहिजे. शनिवार, म्हणून अंडी-कोंबडी नाही. शेंगा, बटाटे, कांदे, ओवा, जाडं मीठ. भांबुर्डीचा पाला बांधावरून धाकट्यानंच खुडून आणला, मी दाखवायच्या आधी. मडक्यात पाल्याचा थर, शेंगा, वर पाल्याचं बूच. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्या लावल्या.

तो या शेतावर पहिल्यांदाच आला होता. जाळ होईपर्यंत बांधाबांधानं हिंडून आला. माती हातात घेऊन चोळली. विचारलं, “पानी कुठून येतं? खत काय टाकतंस?” भाव काय दिला, ते विचारलं नाही.

जाळासमोर बसल्यावर मी म्हटलं, “रस्त्याकडच्या गाळ्यांतला एक तुझा. भाडं जानेवारीपासून तुझ्याकडं. कागद करू. मागचं पण बघू बसून.” हे मी ठरवून बोललो नव्हतो. नदीत मुरलेलं पाणी तोंडातून बाहेर यावं तसं आलं. शेजारी माझा मुलगा होता, त्याची मान एकदम वर झाली. त्याच्याशी मला नंतर बोलावं लागलं, अजून लागतंय. त्याचं म्हणणं, करार झाला तो झाला. त्याचं सगळंच चूक आहे असं नाही.

धाकट्यानं काठीनं निखारे सारखे केले. म्हणाला, “कागद माझ्या नातीपाशी दे वाचायला. ती बारावीला हाय.”

“देतो.”

“न् सोमवारी घरी ये. तिच्यासमोर वाचू.”

मग मडकं फोडलं. शेंगा थोड्या करपल्या होत्या एका बाजूला, धाकटा म्हणाला, गोवऱ्या ओल्या होत्या. मी म्हटलं, पेंढा जास्त लावलास. त्यावर आम्ही पनवेल येईपर्यंत भांडत होतो.